आवाज टिपताना

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात दादा, दादी, नाना किंवा नानी असतील. त्यांचा एखादा फोटो तुमच्या घरी नक्की असेल. पण त्यांचा आवाज तुमच्याजवळ जपून ठेवलेला आहे का?

'आवाज' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. फारसीतून तो उर्दूतही आला आणि मराठीतही आला. आवाज टिपून ठेवण्याला मराठीत 'ध्वनिमुद्रण' म्हणतात. आवाज टिपणारे लहान यंत्र म्हणजे रेकॉर्डर. या यंत्राचा कान म्हणजे मायक्रोफोन. रोजच्या बोलण्यात आपण त्याला 'माइक' म्हणतो. लहान रेकॉर्डरला जोडण्यासाठी योग्य माइक कसा निवडावा, हे आपण या पाठात पाहणार आहोत. पण त्याआधी मी माझ्या हातून झालेली एक चूक तुम्हांला सांगते.

कूलर बोलला, चाचा बोललेच नाहीत

आमचे राजूर हे यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील गाव. कोळसा आणि चुन्याच्या भट्ट्या यांमुळे ते ओळखले जाते. आमच्या मोहल्ल्यात एक वृद्ध चाचा राहत होते. त्यांची अनेक वर्षे जमिनीखालच्या खाणीत काम करण्यात गेली होती. खाणीतल्या गोष्टी ते फार रंगवून सांगत. त्या टिपून ठेवाव्यात, असे माझ्या मनात आले. एक छोटा रेकॉर्डर घेऊन मी नववीच्या दोन मुलींसह त्यांच्या घरी गेले.

मे महिन्याची दुपार होती. खोलीत कूलर चालू होता. मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला. कूलर टेबलाजवळ होता आणि चाचा समोरच्या खाटेवर बसले होते. चाचा पाऊण तास बोलले. आम्हांला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मधे थोडा वेळ वीज गेली आणि परत आली. रेकॉर्डर बॅटरीवर चालत असल्यामुळे तो बंद पडला नाही. आम्ही आनंदाने घरी आलो.

रात्री मी ते ध्वनिमुद्रण ऐकले आणि डोक्याला हात लावला. पाऊण तास कूलरच बोलत होता! त्याच्या घरघरीमागे चाचांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. कुठे एखादा शब्द कळे, कुठे तोही कळत नसे. फक्त एका ठिकाणी आवाज स्वच्छ होता. वीज गेल्यावर कूलर थांबला होता, ती ही दीड-दोन मिनिटे. त्यात चाचा म्हणतात :

"खाली उतरलं की आधी कान उघडे ठेवायचे, बेटा. छताला काठीने ठोकून पाहायचं. टणक आवाज आला तर पुढे जायचं. पोकळ आवाज आला तर मागे फिरायचं. छत आधी आवाज देतं, मग पडतं. एकदा माझा जोडीदार असाच पुढे गेला आणि मी..."

एवढ्यात वीज आली. कूलर सुरू झाला. पुढची गोष्ट त्या आवाजात बुडून गेली.

पुन्हा जाऊन ध्वनिमुद्रण करू, असे मी ठरवले. पण शाळेची गडबड सुरू झाली आणि ते राहून गेले. पावसाळ्यात चाचांचे निधन झाले. आज माझ्याजवळ त्यांच्या आवाजाची ती दीड-दोन मिनिटेच आहेत.

आमच्या कानांना सगळे नीट ऐकू येत होते. मग रेकॉर्डरला का आले नाही?

कान आणि माइक यांतील फरक

आपण फक्त कानांनी ऐकत नाही, आपला मेंदूही ऐकतो. बाजाराच्या गोंगाटातही अम्मीने हाक मारली तर तुम्हांला ती कळते. मेंदू हवा तो आवाज निवडतो आणि बाकीचे आवाज मागे ढकलतो. माइकला मेंदू नसतो. त्याच्यापर्यंत जे पोहोचते, ते सगळे तो टिपतो. त्याला चाचा आणि कूलर सारखेच. म्हणून निवड करण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. माइक कोणता घ्यायचा आणि तो कुठे ठेवायचा, यातच ती निवड असते.

माइक काम कसे करतो, ते थोडक्यात पाहू. बोलताना हवेत कंपने निर्माण होतात. माइकमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या कंपनांनी तो थरथरतो. त्या थरथरीचे विजेच्या लहरींत रूपांतर होते आणि रेकॉर्डर त्या लहरी साठवून ठेवतो.

हे रूपांतर मुख्यतः दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात पडद्याला तारेचे बारीक वेटोळे जोडलेले असते आणि ते चुंबकाजवळ हलते. त्यातून वीज निर्माण होते. याला 'डायनॅमिक' माइक म्हणतात. सभेत वक्त्याच्या हातात दिसणारा जाळीदार डोक्याचा माइक बहुधा याच प्रकारचा असतो. तो दणकट असतो आणि त्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. पण त्यातून निघणारी विद्युत लहर फार क्षीण असते.

दुसऱ्या प्रकारात पडद्यासमोर एक पट्टी असते आणि त्या दोघांमध्ये विद्युतभार असतो. पडदा हलला की दोघांतील अंतर बदलते आणि त्यातून लहर मिळते. हा 'कंडेन्सर' माइक. अमेरिकेतील ई. सी. वेंटे यांनी तो १९१६ साली तयार केला. पुढे १९६२ साली बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोन शास्त्रज्ञांनी विद्युतभार कायम धरून ठेवणारा पडदा वापरून एक लहान आणि स्वस्त माइक बनवला. त्याला 'इलेक्ट्रेट' माइक म्हणतात. कॉलरला लावायचे बरेचसे माइक याच जातीचे असतात. त्यांना चालण्यासाठी थोडी वीज लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामी येणार आहे.

पहिला प्रश्न : माइक तोंडापासून किती दूर आहे?

माइक विकत घेताना लोक आधी किंमत विचारतात. आपण आधी अंतर विचारू.

मोकळ्या जागेत आवाजापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथाई होते. समजा, माइक तोंडापासून १५ सेंटीमीटर अंतरावर आहे. तो ३० सेंटीमीटरवर नेला तर तीव्रता पहिल्याच्या १/४ होईल. ६० सेंटीमीटरवर ती १/१६ होईल आणि १२० सेंटीमीटरवर १/६४ होईल. खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून तिथे हिशेब थोडा बदलतो. पण परत येणारा तो आवाज घुमल्यासारखा असतो आणि शब्द अस्पष्ट करतो.

आता माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. रेकॉर्डर कूलरजवळ होता आणि चाचांपासून दूर होता. मी चाचांचे नव्हे, कूलरचे ध्वनिमुद्रण करत होते.

दूरच्या माइकमुळे आणखी एक नुकसान होते. स, श, फ यांसारखे उच्चार मुळातच हलके असतात. अंतर वाढले की गोंगाटात आधी तेच हरवतात. उर्दूत 'खाना' म्हणजे जेवण आणि 'ख़ाना' म्हणजे घर किंवा कप्पा. हा फरक एका हलक्या घर्षणाचा आहे. माइक दूर असेल, तर ऐकणाऱ्याला कोणता शब्द होता ते कळत नाही.

मग रेकॉर्डरमध्ये माइक असताना बाहेरचा माइक कशाला घ्यायचा? रेकॉर्डरच्या अंगातला माइक वाईट असतो म्हणून नव्हे. रेकॉर्डर आपण टेबलावर किंवा हातात ठेवतो, त्यामुळे त्याचा माइकही तिथेच राहतो. शिवाय बटण दाबल्याचा, बोट घासल्याचा आवाज त्यात येतो. बाहेरच्या माइकला तार असते. रेकॉर्डर आपल्याजवळ ठेवून माइक बोलणाऱ्याजवळ नेता येतो. बाहेरच्या माइकचा हाच सर्वांत मोठा फायदा आहे. महाग माइक दोन मीटरवर ठेवण्यापेक्षा साधा माइक एका वितीवर ठेवलेला बरा.

दुसरा प्रश्न : माइक कोणत्या बाजूने ऐकतो?

सगळे माइक सगळ्या दिशांनी सारखे ऐकत नाहीत.

काही माइक चारही बाजूंनी सारखेच ऐकतात. त्यांना सर्वदिशी माइक म्हणू. कॉलरला लावायचे माइक बहुधा असे असतात. बोलणाऱ्याने मान वळवली तरी आवाज फारसा बदलत नाही. वाऱ्याचा आणि हाताच्या धक्क्याचा त्रासही यांना तुलनेने कमी होतो. मात्र खोलीतला गोंगाट ते मुकाट्याने गोळा करतात. म्हणून ते तोंडाजवळच ठेवावे लागतात.

काही माइक मुख्यतः समोरून ऐकतात आणि पाठीमागचा आवाज कमी घेतात. त्यांच्या ऐकण्याच्या क्षेत्राचे चित्र काढले तर ते हृदयासारखे दिसते. यांना एकदिशी माइक म्हणू. गोंगाट एकाच बाजूला असेल तर हा माइक उपयोगी पडतो. माइकची पाठ कूलरकडे आणि तोंड बोलणाऱ्याकडे केले की निम्मे काम होते. पण बोलणारा बाजूला सरकला की आवाज पडतो.

तिसरा प्रकार लांब नळीसारखा असतो. चित्रीकरण करणारे लोक तो काठीला लावून धरतात. तो समोरच्या अरुंद पट्ट्यातला आवाज अधिक घेतो. पुष्कळांना वाटते की हा दुर्बिणीसारखा दूरचा आवाज जवळ आणतो. तसे नाही. तो फक्त बाजूचे आवाज कमी करतो. लहान खोलीत भिंतींवरून परतलेल्या आवाजामुळे त्याचा फायदाही कमी होतो.

तिसरा प्रश्न : हा माइक आपल्या रेकॉर्डरला चालतो का?

दुकानात पुष्कळ लोक फसतात ते इथेच. माइक चांगला असतो, रेकॉर्डरही चांगला असतो, पण दोघांचे जमत नाही.

आधी रेकॉर्डरला माइकचे छिद्र आहे का, ते पाहा. त्यावर माइकचे चित्र किंवा 'माइक' असे लिहिलेले असते. हेडफोनचे छिद्र दिसायला तसेच असते, पण त्यात माइक लावून उपयोग नाही. काही रेकॉर्डरवर 'लाइन' असे लिहिलेले छिद्र असते. ते मोठ्या यंत्रातून येणाऱ्या जोरकस लहरीसाठी असते. तिथे माइक लावला तर आवाज अगदी क्षीण येतो.

मग माइकच्या तारेचे टोक म्हणजे पिन पाहा. लहान रेकॉर्डरला सहसा ३.५ मिलिमीटर जाडीची पिन लागते. या पिनेवर काळ्या कड्या असतात, त्या मोजा. तीन कड्या असतील तर तो माइक बहुधा मोबाइल फोनसाठी केलेला आहे. रेकॉर्डरला सहसा दोन कड्यांची पिन लागते. तीन कड्यांची पिन रेकॉर्डरमध्ये शिरते, पण आवाज येत नाही किंवा नीट येत नाही. अशा वेळी एक छोटा जोड घ्यावा लागतो.

आता विजेचा प्रश्न. इलेक्ट्रेट माइकला थोडी वीज लागते, हे आपण पाहिले. पुष्कळ लहान रेकॉर्डर ही वीज माइकच्या छिद्रातूनच देतात. रेकॉर्डरच्या मेन्यूत 'प्लग-इन पॉवर' असा पर्याय असतो, तो चालू करावा लागतो. हा पर्याय नसेल तर स्वतःची बटण-बॅटरी असलेला माइक घ्यावा. स्टुडिओतल्या मोठ्या कंडेन्सर माइकना मात्र ४८ व्होल्ट वीज लागते. लहान छिद्राच्या रेकॉर्डरमधून ती मिळत नाही. तीन खिळ्यांची मोठी, गोल सॉकेट असलेले रेकॉर्डर बहुधा ती देतात.

डायनॅमिक माइकला वीज लागत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. पण त्याची लहर क्षीण असते. ती मोठी करण्यासाठी रेकॉर्डरवर आवाजाची पातळी वाढवावी लागते. स्वस्त रेकॉर्डरमध्ये अशा वेळी 'सूंऽऽ' असा आवाज मागे ऐकू येतो. डायनॅमिक माइक तोंडाच्या अगदी जवळ धरला तर हा दोष झाकला जातो. दूर ठेवला तर तो उघडा पडतो.

चौथा प्रश्न : वारा आणि श्वास यांचे काय?

तळहात तोंडासमोर धरा आणि 'पपई', 'फळा', 'भाकर' हे शब्द म्हणा. हातावर हवेचा झोत लागेल. हाच झोत माइकवर आदळला की 'भप्' असा आवाज येतो. म्हणून माइक अगदी तोंडासमोर न धरता थोडा बाजूला किंवा खाली धरावा. त्यावर स्पंजची टोपी असावी. मोकळ्या मैदानात वारा जोराचा असेल तर स्पंज पुरत नाही. त्यासाठी केसाळ कापडाची टोपी मिळते. वारा तिच्या केसांत अडतो आणि आवाज आत जातो. कोणताही माइक घेताना त्याच्या मापाची टोपी मिळते का, हे विचारायला विसरू नका.

कामाप्रमाणे माइक

हे चार प्रश्न कळले की निवड सोपी होते. काही उदाहरणे घेऊ.

घरात एका व्यक्तीची मुलाखत घ्यायची आहे. इथे कॉलरला लावायचा, सर्वदिशी, तारेचा माइक उत्तम. तो हनुवटीपासून सुमारे एक वीत खाली लावावा. त्यावर ओढणी, पदर किंवा गळ्यातली माळ घासू देऊ नये. बोलणाऱ्या माणसाला थोड्या वेळात त्याचा विसरही पडतो आणि तो मोकळेपणाने बोलू लागतो.

रस्त्यावर किंवा बाजारात लोकांचे मत विचारायचे आहे. ट्रक जात आहेत, हॉर्न वाजत आहेत. इथे हातात धरायचा डायनॅमिक माइक बरा. तो बोलणाऱ्याच्या हनुवटीजवळ धरावा आणि प्रश्न विचारताना आपल्याकडे आणावा.

आता थोडे अवघड उदाहरण. जात्यावर दळताना बायका ओव्या म्हणत. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती मागे पडली. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल या फ्रेंच संशोधकाच्या सहभागाने त्यांतील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून 'पारी' ही संस्था त्या लोकांसमोर आणत आहे. आपण अशी ओवी टिपायची ठरवली तर काय करू? जात्याची घरघर ही ओवीची सोबत आहे, ती पूर्ण काढून टाकायची नाही. पण ती शब्दांवर चढता कामा नये. दोन बायका समोरासमोर बसून गात असतील, तर जात्यापेक्षा वर, दोघींच्या तोंडांच्या मधोमध माइक टांगावा. दोन्ही बाजूंनी आवाज येणार, म्हणून तो सर्वदिशी असावा. माइक खाली जमिनीवर ठेवला, तर आपण जात्याचे ध्वनिमुद्रण करू आणि ओवी कूलरमागच्या चाचांसारखी हरवेल.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचेही उदाहरण आहे. येथे कोलाम समाजाची वस्ती आहे. त्यांची कोलामी ही भाषा द्राविडी कुळातील आहे. २०११ च्या जनगणनेत ती बोलणाऱ्यांची संख्या सुमारे सव्वा लाख होती. एम. बी. एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी कोलामीवर लिहिलेले पुस्तक १९५५ साली प्रसिद्ध झाले. पुस्तकात शब्द राहतात, उच्चारांची चिन्हे राहतात. पण आजी नातवाला कोणत्या सुरात हाक मारते, हे कागदावर राहत नाही. ते आवाजातच राहते. तुमच्या ओळखीचे कोणी कोलामी बोलत असेल आणि त्यांची परवानगी असेल, तर त्यांचे शब्द टिपताना माइक जवळ आणि खोली शांत असू द्या. अनोळखी भाषेत अंदाजाने शब्द भरून काढता येत नाहीत. तिथे प्रत्येक उच्चार स्पष्ट यावा लागतो.

ठोकून पाहा, मग पुढे जा

माइक निवडल्यावरही काही काळजी घ्यावी लागते. चाचांनी सांगितलेले आठवा : आधी छताला काठीने ठोकून पाहायचे. ध्वनिमुद्रणातही असेच करायचे.

आधी खोलीत गप्प उभे राहा आणि ऐका. पंखा, कूलर, फ्रिज, गॅलरीतला पोपट, बाहेरचा रस्ता, काय काय ऐकू येते? जे बंद करता येईल ते घरच्यांना विचारून बंद करा. उन्हाळ्यात कूलर बंद करणे कठीण असते. मग सकाळची थंड वेळ निवडा.

रेकॉर्डरला हेडफोन लावा आणि माइक जे ऐकतो ते स्वतः ऐका. एक मिनिट टिपून लगेच परत ऐकून पाहा. मी हे एक मिनिट वाचवले आणि पाऊण तास गमावला.

आवाजाची पातळी तपासा. रेकॉर्डरवर डेसिबलचे आकडे दिसतात. शून्य ही शेवटची मर्यादा. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ च्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. माठ काठोकाठ भरला तर पाणी सांडते आणि सांडलेले पाणी परत भरता येत नाही. आवाजाचेही तसेच आहे. पातळी शून्याच्या वर गेली की आवाज फाटतो आणि तो पुन्हा पूर्वीसारखा करता येत नाही.

शक्य असेल तर 'वेव्ह' या प्रकारात साठवा. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणाला मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. 'एमपी थ्री' कमी जागा घेते, पण त्यासाठी आवाजाचा काही भाग टाकून देते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, बोलणाऱ्याची परवानगी घ्या. लपवून कोणाचा आवाज टिपू नका. आवाज ही त्या माणसाची अमानत आहे. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव स्पष्ट सांगा. घरी आल्यावर त्याची दुसरी प्रत करून वेगळ्या ठिकाणी ठेवा.

पुढे काय झाले?

हिवाळ्यात मी पुन्हा त्याच घरी गेले. या वेळी माझ्याजवळ कॉलरला लावायचा एक साधा माइक होता. चाची एकट्याच होत्या. मी माइक त्यांच्या ओढणीला न लावता आत कुर्त्याच्या गळ्याला लावला. एक मिनिट टिपले, ऐकले, बांगड्या किणकिणत होत्या म्हणून त्यांना हात मांडीवर ठेवायला सांगितले. मग विचारले, "चाची, त्या जोडीदाराचं पुढे काय झालं?"

चाचींनी सांगितले. जोडीदार पुढे गेला होता. चाचांनी छत ठोकून पाहिले तर पोकळ आवाज आला. त्यांनी हाक मारली नाही, सरळ त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढले. त्याच जागी छत कोसळले. जोडीदार वाचला. पुढे जिवंत असेपर्यंत तो दर ईदला या घरी शीरखुर्मा प्यायला येत असे.

चाचींचा शब्द न् शब्द स्वच्छ आला आहे. गोष्ट पूर्ण झाली. पण ती चाचींच्या तोंडून झाली. चाचा ती कशी सांगत होते, कुठे थांबत होते, कुठे हसत होते, ते आता कोणालाही ऐकता येणार नाही.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांजवळ आजच बसा. मोठा माइक नसला तरी चालेल. जो आहे तो त्यांच्या जवळ न्या, कूलर बंद करा, एक मिनिट तपासून पाहा आणि मग त्यांना म्हणा, "दादी, ती गोष्ट पुन्हा एकदा सांगा ना."

स्वाध्याय

१. लेखिकेच्या पहिल्या ध्वनिमुद्रणात चाचांचा आवाज कोणत्या वेळी स्वच्छ आला? का?
२. कान आणि माइक यांत कोणता फरक आहे?
३. माइक १५ सेंटीमीटरवरून ६० सेंटीमीटरवर नेला तर मोकळ्या जागेत आवाजाची तीव्रता किती होईल?
४. सर्वदिशी आणि एकदिशी माइक कोणकोणत्या कामांसाठी वापराल? प्रत्येकी एक उदाहरण द्या.
५. 'आवाज ही त्या माणसाची अमानत आहे' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
६. उपक्रम : घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीची परवानगी घेऊन त्यांच्या बालपणाची एक आठवण टिपा. ती ऐकून मराठीत दहा ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.